दीड फुटांचं पुस्तक आणि तीस जोडी डोळे

रात्री आजीच्या किंवा बाबांच्या मांडीवर बसून गोष्ट ऐकणाऱ्या मुलाला गोष्टीबरोबर पुस्तकाचं पानही मिळत असतं. ते त्याच्या डोळ्यांपासून हातभर अंतरावर असतं. वाचणाऱ्याचं बोट ओळीवरून सरकताना त्याला दिसतं. कोल्ह्याच्या चित्रावर हात ठेवून ते विचारतं, "हा का पळतोय?" आवडलेलं पान ते पुन्हा वाचायला लावतं. असं वर्ष-दीड वर्ष चाललं की एक नवल घडतं. अक्षरओळखही नसलेलं मूल ते पुस्तक हातात घेतं, एकेक पान उलटतं आणि बऱ्याचशा बरोबर शब्दांत, वाचणाऱ्याच्याच सुरात ते 'वाचून' दाखवतं.

न्यूझीलंडमधले शिक्षणतज्ज्ञ डॉन होल्डवे यांना या नवलाने झपाटून टाकलं होतं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ऑकलंडच्या शाळांत माओरी आणि पॅसिफिक बेटांवरून आलेल्या कुटुंबांची मुलं मोठ्या संख्येने दाखल होत होती. शाळेतल्या इंग्रजी पुस्तकांच्या जगाशी त्यांतल्या अनेकांची आधीची ओळख नव्हती, आणि वाचनाच्या रुळलेल्या पद्धतीत ती मागे पडत होती. होल्डवे आणि त्यांच्या सोबतचे शिक्षक यांच्यापुढे साधा पण अवघड प्रश्न होता. मांडीवरच्या मुलाला जे मिळतं ते वर्गातल्या प्रत्येक मुलाला कसं द्यायचं? मांडी एक आणि मुलं तीस. शिक्षिकेने नेहमीच्या आकाराचं पुस्तक हातात धरलं तर मागच्या रांगेतल्या मुलीला चित्राचा एक रंगीत ठिपका दिसतो, अक्षरं तर दिसतच नाहीत. तिच्यापर्यंत गोष्ट पोचते, पण पान पोचत नाही.

त्यांनी शोधलेलं उत्तर इतकं सरळ आहे की ते आधी कुणाला का सुचलं नसेल असं वाटावं. पानच मोठं करायचं! शिक्षकांनी मुलांच्या आवडत्या गोष्टी मोठ्या कागदांवर हाताने लिहिल्या, चित्रं काढली, कागद एकत्र शिवले आणि शेवटच्या रांगेतून वाचता येईल असं पुस्तक तयार केलं. १९७९ साली होल्डवे यांचं 'द फाउंडेशन्स ऑफ लिटरसी' हे पुस्तक आलं आणि ही पद्धत जगभर गेली. पुढे प्रकाशकही अशी पुस्तकं छापू लागले. आज आपल्याकडचे शिक्षक त्याला 'बिग बुक' म्हणतात आणि त्याभोवती होणाऱ्या वाचनाला 'सहभागी वाचन'.

आता हे मोठं पान नेमकं करतं काय, ते जवळून पाहू.

वाचता येणाऱ्या माणसाला पानावरच्या किती गोष्टी आपोआप कळतात याची त्याला कल्पनाच नसते. ओळ डावीकडून उजवीकडे जाते. ती संपली की खालच्या ओळीच्या सुरुवातीला यायचं असतं. दोन शब्दांमध्ये जागा असते. आपण वाचतो ती अक्षरं, चित्र नव्हे. न्यूझीलंडच्याच मेरी क्ले यांनी १९७२ साली यातलं मुलांना काय ठाऊक आहे ते तपासण्यासाठी 'सँड' नावाची छोटीशी पुस्तिका तयार केली. तिच्यात एखादं चित्र मुद्दाम उलटं छापलेलं, कुठे ओळींचा क्रम बदललेला, कुठे शब्दातली अक्षरं मागेपुढे केलेली. मुलाबरोबर पुस्तिका वाचताना ते कुठे अडतं, कशावर बोट ठेवतं, काय त्याच्या लक्षातही येत नाही, यावरून छापील मजकुराची त्याची समज कळते. शाळेत येणाऱ्या कितीतरी मुलांना वाचायला कुठून सुरुवात करायची हेच माहीत नसतं. आणि आपण त्यांच्याकडून थेट धडा वाचायची अपेक्षा करतो.

बाई मोठ्या पुस्तकासमोर उभ्या राहून प्रत्येक शब्दाखाली काठी टेकवत वाचतात, तेव्हा हे सगळं न सांगता शिकवलं जातं. देवनागरीत तर या काठीचं काम आणखी रंजक होतं. 'चिमणी' हा शब्द घ्या. तोंडातून आधी 'च' निघतो आणि मग 'इ', पण कागदावर पहिली वेलांटी 'च'च्या आधी उभी. 'सूर्य' म्हणताना 'र' आधी येतो आणि 'य' नंतर, लिहिताना मात्र रफार 'य'च्या डोक्यावर जाऊन बसतो. उकार खाली, मात्रा वर, काना उजवीकडे. आपली अक्षरं सरळ रांगेत चालत नाहीत, ती चारी बाजूंना पसरतात. दीड-दोन इंच उंचीच्या अक्षरात मुलाला ही रचना स्पष्ट दिसते. 'चिमणी' हा शब्द गोष्टीत दहा वेळा आला की दहाही वेळा वेलांटी तिथेच उभी असते, आणि मूल स्वतःहून ते टिपतं.

इथे संशोधकांनी एक थक्क करणारी गोष्ट शोधली. गोष्ट ऐकताना मुलांची नजर पानावर नेमकी कुठे फिरते हे यंत्राने मोजता येतं. कॅनडातल्या मेरी अॅन इव्हान्स आणि ज्याँ सेंत-ओबॅं यांनी २००५ साली चार-पाच वर्षांच्या मुलांवरचा असा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांची नजर जवळजवळ सगळा वेळ चित्रांवर होती, अक्षरांकडे ती क्वचितच वळली. म्हणजे पुस्तक समोर धरून नुसतं वाचत गेलं तर मुलं अक्षरांकडे पाहतीलच असं नाही. कुणीतरी बोट ठेवावं लागतं, "हा शब्द बघ, किती लांबलचक आहे" असं म्हणावं लागतं. अमेरिकेत लॉरा जस्टिस, शेन पियास्टा आणि सहकाऱ्यांनी बालवर्गाच्या शिक्षिकांना वाचताना एवढंच जास्तीचं करायला सांगितलं. दोन वर्षांनी पाहिलं तेव्हा त्या वर्गातली मुलं शब्दवाचनात आणि शुद्धलेखनात तर पुढे होतीच, वाचलेलं समजण्यातही पुढे होती. २०१२ साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष वाचताना मन भरून येतं. बोट ठेवण्यासारखी एवढीशी कृती, आणि तिचा परिणाम दोन वर्षांनंतरही टिकलेला!

पण शब्द वाचता येणं म्हणजे समजणं नव्हे. धडा धाडधाड वाचून दाखवणारा आणि "काय झालं गोष्टीत?" असं विचारल्यावर गप्प होणारा मुलगा प्रत्येक शिक्षकाने पाहिलेला असतो. १९८६ साली फिलिप गॉफ आणि विल्यम टन्मर यांनी यामागचं गणित मांडलं. वाचून समजणं म्हणजे अक्षरांवरून शब्द उलगडण्याची क्षमता गुणिले ऐकलेली भाषा समजण्याची क्षमता. यात बेरीज नसून गुणाकार आहे, आणि सगळी खुबी त्यातच आहे. गुणाकारात एक बाजू शून्य असेल तर उत्तर शून्यच येतं. अक्षरं येत नसतील तर भाषा कितीही समृद्ध असो, पान मुकं राहतं. अक्षरं येतात पण शब्दांमागचं जग माहीत नसेल, तरीही पान मुकंच. मोठं पुस्तक एकाच बैठकीत या दोन्ही बाजूंना हात घालतं. काठी अक्षरांपाशी नेते आणि गप्पा अर्थापाशी.

अर्थाच्या बाजूला चित्राची ताकद केवढी असते हे अमेरिकेतल्या जॉन ब्रॅन्सफर्ड आणि मार्सिया जॉन्सन यांच्या १९७२ सालच्या प्रयोगाने दाखवलं. त्यांनी माध्यमिक शाळेतल्या विद्यार्थ्यांना एक उतारा ऐकवला. त्यात फुगे फुटले तर आवाज पोचणार नाही, खिडकी बंद असली तरी पोचणार नाही, तार तुटली तर सगळंच थांबेल, अशी वाक्यं होती. प्रत्येक शब्द सोपा आणि प्रत्येक वाक्य व्याकरणशुद्ध, तरी एकूण अर्थ काही लागेना. उताऱ्यात १४ मुद्दे होते. विद्यार्थ्यांना त्यांतले सरासरी साडेतीनच्या आसपास आठवले. दुसऱ्या गटाला उतारा ऐकवण्याआधी एक चित्र दाखवलं होतं. उंच इमारतीखाली उभा असलेला तरुण गिटार वाजवतोय, फुग्यांना बांधलेला ध्वनिवर्धक वरच्या मजल्यावरच्या खिडकीपर्यंत चढलाय आणि खिडकीत त्याची मैत्रीण उभी आहे. या गटाला सरासरी आठ मुद्दे आठवले.

पुढचं ऐका. तेच चित्र उतारा संपल्यावर दाखवलेल्या गटाला काडीचाही फायदा झाला नाही. आणखी एका गटाला त्याच सगळ्या वस्तूंचं, पण विस्कटलेल्या मांडणीचं चित्र आधी दाखवलं. फुगे होते, गिटार होती, तरुणही होता, पण कशाचा कशाशी संबंध लागत नव्हता. या गटालाही चारच मुद्दे आठवले. म्हणजे समजण्यासाठी नुसतं चित्र पुरत नाही. कोण, कुठे, कशासाठी हे नातं चित्राने दाखवायला हवं आणि ते वेळेवर दाखवायला हवं. म्हणूनच जाणत्या शिक्षिका मोठ्या पुस्तकाचं पान उघडलं की लगेच वाचायला लागत नाहीत. आधी मुलांना चित्र भरपूर पाहू देतात, "काय चाललंय इथे?" असं विचारतात, आणि मगच काठी पहिल्या शब्दाखाली टेकवतात.

असं एक पान डोळ्यांसमोर आणू. वर्ग दुसरीचा. मुलं सतरंजीवर दाटीवाटीने बसली आहेत. चित्रात जुनं स्वयंपाकघर. आढ्याला शिंकं, खाली आडवा पडलेला स्टूल, जमिनीवर पांढरे ठसे आणि कणगीच्या मागून बाहेर आलेली मांजराची शेपटी. चित्राखाली तीन ओळी:

आजीने शिंक्यातलं भांडं काढलं.
भांडं हलकं लागलं.
"अगं बाई!" आजी म्हणाली.

"आजीने काय काढलं?" या प्रश्नाचं उत्तर पहिल्या ओळीत जसंच्या तसं आहे. ते सांगायला समजावं लागत नाही, सापडावं लागतं. आपल्या स्वाध्यायांतले बहुतेक प्रश्न याच जातीचे असतात. आता बाई विचारतात, "भांडं हलकं का लागलं असेल?" हे ओळींत कुठेच नाही. भांड्यात आधी काहीतरी होतं, त्याला वजन होतं, आता ते नाही, आणि आजीला हे अपेक्षित नव्हतं, या चार पायऱ्या मुलाने स्वतः चढायच्या असतात. कुणीतरी ओरडतं, "दूध संपलं!" बाई विचारतात, "कुणी संपवलं?" सगळा वर्ग म्हणतो, "मनीने!" मग बाई खरा प्रश्न विचारतात, "कशावरून?"

मुलं उठून पुस्तकापाशी येतात. एकजण ठशांवर बोट ठेवतो, दुसरी शेपटी दाखवते. मागून एक मुलगा म्हणतो, "बाई, मनीने नाही. स्टूल पडलाय. मांजराला स्टूल कशाला लागतो?" वर्ग क्षणभर शांत होतो आणि मग गलका होतो. आता दोन अंदाज आहेत, दोन्हींना पुरावे आहेत, आणि सगळ्यांचे डोळे पानावर पुन्हा पुन्हा फिरताहेत. पुढचं पान उलटायची घाई आता बाईंपेक्षा मुलांना जास्त आहे.

मला मोठ्या पुस्तकाचं सगळ्यात मोठं अप्रूप वाटतं ते इथे. समजणं ही डोक्याच्या आत घडणारी गोष्ट. एकटं बसून वाचणाऱ्या मुलाच्या मनात कुठला दुवा जुळला आणि कुठला निसटला हे कुणालाच दिसत नाही, शेजारच्या मुलाला तर नाहीच. मोठ्या पानासमोर तीच क्रिया चारचौघांत घडते. ज्याला दुवा सापडला तो बोट ठेवून दाखवतो, आणि ज्याला सापडला नव्हता त्याला कळतं की वाचताना असंही करायचं असतं. अजून अक्षरांत अडखळणारं मूलही विचारात मागे राहत नाही. सगळ्यांच्या सुरात सूर मिसळून वाचताना चुकण्याची भीतीही राहत नाही.

हे मोठ्या प्रमाणावर घडू शकतं याचा सुंदर पुरावा फिजीतून आला. तिथल्या खेड्यांतली मुलं घरी फिजियन किंवा हिंदी बोलत, आणि चौथीपासून शिक्षणाचं माध्यम इंग्रजी होई. वॉरिक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई यांनी १९८० च्या सुमारास ग्रामीण भागातल्या बारा शाळांतल्या चौथी-पाचवीच्या वर्गांवर प्रयोग केला. आठ शाळांना इंग्रजीतली सुमारे २५० सचित्र गोष्टींची पुस्तकं दिली. त्यांतल्या निम्म्या शाळांत होल्डवेंच्या पद्धतीने सहभागी वाचन झालं, निम्म्यांत मुलांनी मनात वाचलं. उरलेल्या चार शाळांत नेहमीची, वाक्यरचना घोकून घेणारी पद्धत चालू राहिली. आठ-नऊ महिन्यांनी चाचण्या घेतल्या तेव्हा पुस्तकं मिळालेल्या वर्गांची वाचनातली आणि ऐकून समजण्यातली प्रगती जवळपास दुपटीने झाली होती. दुसऱ्या वर्षी तर हा फायदा लेखनात आणि व्याकरणातही दिसला. जे व्याकरण घोकून येत नव्हतं ते गोष्टींतून आलं.

या आनंदात एक धोक्याची सूचना विसरता कामा नये. या पद्धतीच्या लाटेत पुढे अनेक ठिकाणी अक्षरं पद्धतशीर शिकवणं मागे पडलं. शब्द अडला की चित्र बघून अंदाज कर, असं मुलांना सांगितलं जाऊ लागलं. ज्या मुलांना अक्षर आणि आवाज यांचं नातं आपसूक उमगत नाही त्यांचं यात मोठं नुकसान झालं. ज्या न्यूझीलंडमध्ये ही पुस्तकं जन्मली, तिथल्याच सरकारी शाळांत २०२५ पासून अक्षर-ध्वनी टप्प्याटप्प्याने शिकवणारी पद्धत बंधनकारक झाली आहे. याचा अर्थ मोठं पुस्तक बाद झालं असा नाही. गुणाकाराच्या दोन्ही बाजू लागतात एवढाच याचा अर्थ. 'शिंकं' हा शब्द वाचायचा तो श, वेलांटी, अनुस्वार, क आणि पुन्हा अनुस्वार जोडूनच. शिंक्यातलं भांडं हलकं का झालं हे मात्र चित्र, ओळी आणि स्वतःचा अनुभव जोडूनच कळतं. शब्द ओळखण्यासाठी चित्राचा टेकू घेऊ नये, अर्थ लावण्यासाठी जरूर घ्यावा.

महाराष्ट्रात या दुसऱ्या बाजूची उणीव किती खोल आहे हे आपल्याच मातीतल्या संशोधनाने दाखवलं आहे. २०११ ते २०१६ या काळात शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांनी आजच्या पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात मराठी वाचायला शिकणाऱ्या आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांचा पहिली ते तिसरी असा मागोवा घेतला. वाड्यात सोनाळ्याची 'क्वेस्ट' ही संस्था या कामात सोबत होती. वर्गातला बहुतेक वेळ अक्षरं गिरवण्यात आणि फळ्यावरचं उतरवण्यात जातो, मजकुराच्या अर्थावर मुलांशी बोलणं फारच कमी होतं, असं चित्र त्यातून समोर आलं. घरी मुलं रानाविषयी, गुरांविषयी, माणसांविषयी भरभरून बोलतात, आणि वर्गात त्या बोलण्याला जागाच नसते. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानात तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजपूर्वक वाचता यावं हे ध्येय ठेवलं आहे आणि त्यासाठी २०२६-२७ ही मुदत आहे. या अभियानानिमित्त बिग बुक्स आता अनेक शाळांत पोचली आहेत. ती कपाटात कुलपात राहू नयेत, मळून फाटून जावीत, हीच त्यांची खरी सेवा.

ज्या शाळेत ती नाहीत, तिथे ती घडवणं अवघड नाही. कार्डशीट मधोमध कापा. आठ-दहा पानं पुरतात. प्रत्येक पानावर एक ते तीन ओळी, जाड काळ्या मार्करने, अक्षर दीड इंचाहून लहान नको आणि दोन शब्दांत चार बोटं जागा. चित्र पुसट नको आणि नुसतं शोभेचंही नको. ओळींत न सांगितलेलं काहीतरी त्यात दिसलं पाहिजे, आमच्या पानावरच्या आडव्या स्टुलासारखं. एखादी ओळ पुन्हा पुन्हा येऊ द्या, म्हणजे दुसऱ्या वाचनापासून मुलं ती स्वतःच म्हणतील. कडेला भोकं पाडून नाडीने बांधा आणि खुर्चीच्या पाठीला टेकवून ठेवा. 'प्रथम बुक्स'च्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत आणि खुल्या परवान्याने मिळतात. शाळेत प्रोजेक्टर असेल तर भिंतच मोठं पान होते.

एक पुस्तक एका दिवसात उरकू नका, आठवडाभर वाचा. पहिल्या दिवशी मुखपृष्ठावरून गप्पा आणि मग सलग वाचन. दुसऱ्या दिवशी मुलं पालुपदात सामील होतील. तिसऱ्या दिवशी एखादा शब्द कार्डाने झाका, तिथे काय असेल ते विचारा, मग अक्षर अक्षर उघडत जाऊन अंदाज बरोबर होता का हे मुलांनाच तपासू द्या. चौथा दिवस प्रश्नांचा, आणि पाचव्या दिवशी मुलं गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगतील किंवा करून दाखवतील. आठवड्याच्या शेवटी तीच गोष्ट लहान आकारात घरी न्यायला द्या. घरी ते मूल आईला किंवा धाकट्या भावाला ती वाचून दाखवेल, आणि या वेळी ते खरोखर वाचत असेल.

पालकांना वर्गाएवढं पुस्तक लागत नाही, त्यांच्याकडे मांडी आहे. पण शिक्षक आणि पालक दोघांनाही एक प्रश्न लागतो. गुरुजी, बाई, आई-बाबांनो, उद्या मुलांबरोबर कुठलंही पुस्तक उघडाल तेव्हा मुलाने दिलेल्या उत्तराला लगेच 'बरोबर' किंवा 'चूक' म्हणू नका. "कशावरून?" असं विचारा, आणि त्याचं बोट पानावर पोचेपर्यंत थांबा.